फिट ह्या एका शब्दापायी

३ जुलै
दुकानात कुंभारवहिनींच्या ब्लाउजची बाही उसवत होते. "दंडात लईच फिट झालंय" म्हणून परत आणलेला. तेवढ्यात मैदानावरून फोन. टीममधली पोरगी रडत, "काकी, स्नेहलला फिट आली." मला वाटलं नवी जर्सी. जर्सी फिट आली तर रडायचं काय?
मग कळलं.
दवाखान्यात पोहोचले तेव्हा लेक शुद्धीवर. तोंडाला कांद्याचा वास. कुणीतरी कांदा फोडून हुंगवलेला, चप्पलसुद्धा. गोलपोस्टच्या खांबावर डोकं आपटलं नाही, एवढंच बरं.

५ जुलै
गोळ्या सुरू. झोप पुरी पाहिजे, पोहणं आणि गाडी बंद. "आणि फुटबॉल?" स्नेहलनं विचारलं. डॉ. म्हणाले, रिपोर्ट येऊ देत, मग बोलू. लहानपणापासनं गोलकीपर, दुसरं काही येतच नाही म्हणते.
ह्यांचं वेगळंच. "कुणाला सांगायचं न्हाय. चक्कर आली म्हणायचं. उद्या स्थळं बघायची हायत."
मी भाकरी थापत राहिले. बोलायला हवं होतं का...

८ जुलै
शब्द डोक्यातून जाईना. स्नेहलला विचारलं, इंग्रजीत दोन्ही फिट एकच?
"व्हय आई. स्पेलिंग पण तेच."
मग दोघींनी मोबाईलवर बघितलं. रागाची फिट असते, हसण्याचीपण. मापात बसलं ते फिट, लायक तो फिट. आपलं 'पारणं फिटलं' मात्र ह्यातलं नव्हे, ते आपलंच. हसण्याच्या फिटवर स्नेहल इतकी हसली की मी घाबरून तिचा हात धरला. "आई, ही ती न्हवं गं!"
त्या दिवसापासून पहिल्यांदा हसली.

११ जुलै
स्पर्धा जवळ आली. कोचसरांनी सगळ्यांकडून डॉक्टरांचा दाखला मागितलाय, खेळायला फिट असल्याचा. हे म्हणाले, "ओळखीचा डॉक्टर हाय, आणतो की लिहून."
स्नेहल ताटावरून उठली. "फिट आलेली लपवून फिटचा दाखला? परत मैदानात पडले तर पोरी परत चप्पलच हुंगवतील, बाबा."
हे जेवले नाहीत. मीही नाही.

१३ जुलै
आज ती स्वतःच सरांकडे गेली. मी सोबत, पण लांब उभी. सगळ्या टीमला बसवून तिनं सांगितलं, मला काय होतंय आणि तेव्हा काय करायचं. मग एकीनं विचारलं, दुखतं का गं? दुसरीनं, आधी कळतं का? मलाही हेच विचारायचं होतं, धीर झाला नव्हता.
(दुखत नाही. पण आधी काहीतरी जळल्याचा वास येतो. मला माहीतच नव्हतं.)
सर म्हणाले, "डॉक्टर देतील तो निर्णय. तोवर सरावाला येऊन बस."

१४ जुलै
उद्या रिपोर्ट. डॉ. काय म्हणतील, देवाला ठाऊक.
संध्याकाळी स्नेहल मला फिट आल्यावर काय करायचं ते शिकवत होती. मी फरशीवर पडले. तिनं मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली. तोंडात काही घालायचं नाही, आवळून धरायचं नाही, जवळ थांबायचं.
हे कामावरून आले, दारात उभे. मला वाटलं आता ओरडणार. डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर आडवे झाले.
"मला बी वळवून दाव की," म्हणाले. "नीट बघू दे."