कालकथित बायनाबाई हजर

२६ एप्रिल १९८७

उजेड गायन पार्टी परत एकत्र येतेय! पंचवीस वर्षांनी! गडचिरोलीच्या स्टँडवर पत्रक हातात पडलं आणि मी बहुतेक ओरडलेच, कारण कंडक्टर वळून बघायला लागला. बघू दे. पेटीवर इसरूभाऊ, ढोलकीवर खुशालभाऊ, बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, ब्रह्मपुरीजवळच्या माझ्याच माहेरगावी. नर्सच्या नोकरीत रजा मिळो न मिळो, मी जाणार.

मग खालची ओळ वाचली. 'सुरुवातीला पार्टीच्या गायिका कालकथित बायनाबाई यांना आदरांजली. अध्यक्ष – मा. गुणवंतराव, माजी सरपंच.'

कालकथित, म्हणजे मेलेली! मागच्याच आठवड्यात लसीकरणाला गेले, तेव्हा धानोऱ्याच्या पुढच्या आश्रमशाळेत ही कालकथित बाई पोरांसाठी वरण ढवळत होती. आणि अध्यक्ष कोण? तिचाच नवरा!

२७ एप्रिल

रागानं झोप नाही.

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना बायनाबाई म्हणजे आम्हा पोरींचं सगळं काही होती. धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं. गावोगाव गायन पार्ट्या निघाल्या, पण माइकसमोर बाई उभी, तीही स्वतः रचलेलं गाणं म्हणणारी, अशी एकच. तिच्यासारखा पदर खोचायचा म्हणून मी आईचा मार खाल्ला आहे.

गुणवंतरावाला ते खपलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तो तिला कोंडून ठेवायचा, मारायचा. एक दिवस ती निघून गेली. मग यानं गावात सांगितलं, सिरोंच्याकडे नातेवाइकांकडे गेली होती, तिथंच हैज्याच्या साथीत मेली. बायको पळून गेली म्हणण्यापेक्षा मेली म्हणणं अब्रूचं ना! रीतसर पुण्यानुमोदनाचा विधी केला, गावजेवण घातलं. मीही रडत रडत बुंदी खाल्ली. सहा महिन्यांत यानं कमळाला करून आणलं. पार्टी मोडली ती मोडलीच.

दोन वर्षांपूर्वी त्या आश्रमशाळेत गेले, तर स्वयंपाकघरातून कोणी गुणगुणत होतं. मी लशीची पेटी खाली ठेवली. तो आवाज मी ओळखणार नाही? कोणाला सांगणार नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. आजवर पाळलं.

३ मे

पत्रक घेऊन गेले. शाळेला सुट्टी लागली आहे, बाई एकटीच मोहफुलं वाळवत बसली होती. मी वाचून दाखवलं. ती आधी हसली, पुष्कळ हसली. मी म्हटलं, चला, त्याच्या तोंडावर उभ्या राहा. तेव्हा हसू गेलं.

"मेलेल्या बाईले कोनी मारत नाई, नर्सबाई. कोनी कोंडत नाई. मी मरून लय सुखात हाये. जित्ती झाली त त्याची बायको होईन ना परत."

 मी तणतणत निघाले. फाटकापर्यंत आले तर मागून तिनं विचारलं, माझी गाणी कोण म्हणणार आहे? म्हटलं, ब्रह्मपुरीच्या ऑर्केस्ट्रातली कोणी मुलगी. ती मोह उलथवत राहिली.

९ मे

काही निरोप नाही. तेंदूपत्त्याच्या मजुरांनी बसगाड्या गच्च. रजा मिळाली. एकटीनं जाऊन तिच्या फोटोपुढे उभं राहायचं? मी जाणार नाही! आणि न जाऊन काय करणार, तेही कळत नाही.

१२ मे

बायनाबाई दारात. पांढरं लुगडं, हातात पिशवी. म्हणाली, कार्यक्रम पाहायचा आहे, बाकी काही कबूल नाही. मी काहीही विचारलं नाही. आज तरी शहाण्यासारखी वागले.

१४ मे

काल जे झालं ते सगळं लिहून काढते.

आम्ही बायकांच्या बाजूला मागे बसलो, पदर पुढे ओढून. इसरूभाऊ किती सुटलाय! खुशालभाऊचे दात गेले. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. फोटो पार्टीच्या जुन्या फोटोतून कापून मोठा केलेला, बाईच्या बाजूला खुशालभाऊचा अर्धा खांदा. पहिल्या रांगेत कमळा, नवं पातळ, मान खाली. गुणवंतराव हार घेऊन उठला. माइकवरून सांगितलं, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहा.

सगळे उभे राहिले. बायनाबाईही राहिली. आणि चालायला लागली!

आदरांजली चालू असताना बोलायचं नसतं. त्यामुळे कोणी बोललं नाही! म्हाताऱ्या बायका तोंडावर हात धरून उभ्या, तरुण पोरांना पत्ताच नाही. ती सगळ्यांच्या मधून, घाई न करता, पायऱ्या चढून माइकपर्यंत गेली. इसरूभाऊ हात जोडून उभा होता, डोळे उघडून बघतो तर ही पुढ्यात. तो तसाच मटकन पेटीपाशी बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

गुणवंतराव हार हातात धरून उभा. चेहरा काळानिळा. शेवटी माइकपाशी येऊन म्हणाला, "हे कोन बाई हाये? मी ओळखत नाई."

"बरोबर हाये," बायनाबाई म्हणाली. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "अध्यक्षाची बायको मेली. पुण्यानुमोदन झालं, तुमी सारे जेवले. मी फक्त गायिका हाये. इसरूभाऊ, काळी चारचा सूर द्या."

संपलं! आता तो माझी बायको म्हणणार कसा? जी भीती तिला पंचवीस वर्षं होती, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं मिटवली.

'उंबरठा ओलांडला मी, आता वाट विचारू नको' – तिचंच गाणं. पहिलं कडवं बेसूर झालं. ढोलकी मागे पडत होती, आवाज वर जाईना. मी मुठी आवळून बसले होते. दुसऱ्या कडव्याला खुशालभाऊला ठेका सापडला आणि मग काय! आवाज आता जाड झालाय, खरखरीत, पण मला तोच जास्त आवडला. आम्ही म्हाताऱ्या होत चाललेल्या पोरी उठून मोठमोठ्यानं गात होतो. गुणवंतराव केव्हा निघून गेला कोणी पाहिलं नाही. कमळा मात्र शेवटपर्यंत बसून होती. टाळी वाजवली नाही, पण मान वर होती.

१६ मे

गुणवंतरावाचा माणूस येऊन सांगून गेला, तुमची बदली करवतो. कर म्हणावं! जंगलात तर आहेच मी, अजून कुठे पाठवणार? बायनाबाई शाळेवर परत गेली. इसरूभाऊनं जूनच्या दोन तारखा धरल्या आहेत. पत्रकावर नाव कसं छापायचं विचारलं, तर म्हणाली, नुसतं बायनाबाई.

१९ मे

सकाळी दार उघडलं तर पायरीवर कमळा. काखेत गाठोडं, पहिल्या बसनं आलेली.

"नर्सबाई," ती म्हणाली, "बायनाबाई मेली ना, मले बी तसंच मरायचं हाये."

मी तिला आत घेतलं.