टिंबावर टिंब

तामलवाडी, मंगळवार, दिवेलागण

माझ्या पोराला अक्कल कधी येणार? सुमी इंग्रजीची वाक्यं लिवत बसली, तर बाप म्हणतो, "टिंबं शिकून काय करतीस? उद्या पाव्हणे बघायला येणारेत."

म्या नातीला विचारलं, हे टिंबावर टिंब कशाला गं? म्हणाली, "आज्जी, उखाण्यात नाव घ्यायच्या आधी बाई थांबती, समद्या कान टवकारत्यात, तसं. आन् टिंबाखाली स्वल्पविराम म्हंजी दोन पुरी घरं, मधी भिंत एकच."

बापाला जन्मात असं सांगता आलं नसतं. माझी छाती फुगली. तिला बोलले न्हाय, शेफारंल.

उद्या पाव्हणे विचारतील, पोरगी पुढं शिकणार का? तिथं टिंबावर टिंब. घरात कुणी तोंड उघडायचं न्हाय. उत्तर सुमीनंच द्यायचं.