मुलाच्या खोलीतलं गरम खोकं

४ फेब्रुवारी

फार दिवसांनी लिहितोय. उशीर झाला, चुकलं. हात रिकामे आहेत, पण जीव थाऱ्यावर नाही. मुलगा नोकरीला परगावी गेला आणि त्याच्या खोलीत कॉम्प्युटरचं खोकं चालू ठेवून गेला. तिकडे बसून तो ते वापरतो म्हणे. कसं, ते मला विचारू नये. जाताना एवढंच बजावलं — बाबा, बटणाला हात लावू नका.

खोकं तापतं. पाठीवर हात टेकवला की चटकन मागे घ्यावा लागतो.

५ फेब्रुवारी

जन्म काचेच्या कारखान्यात भट्टीवर गेला. तिथे पेटती भट्टी एकटी सोडायची नाही. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. इथे बदलीचा माणूस कुठून आणू? म्हणून मीच बसतो. भाजीला जातो तो पळतच.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून ठेवलं, धुराचा वास आला तर हाक मारा. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. पेटलं तर तिला जिन्यावरून खाली कोण आणणार? बाई म्हणाल्या, काका, तुमच्यामुळे मला आता गॅस पेटवायचीही भीती वाटते.

९ फेब्रुवारी

खोक्याशेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती. वायरमनला बोलावलं, तर तो बादलीच बघत बसला. "काका, विजेवर पाणी ओतलंत तर पुढची काळजी करायला तुम्ही उरणार नाही." बादलीत वाळू भरली. वायरी ठीक आहेत म्हणाला, मागची धूळ तेवढी काढा. काढली. उंदराएवढा गोळा!

१० फेब्रुवारी

आज काही पेटलं नाही.

१६ फेब्रुवारी

मुलाचा फोन. आठवड्याने येतो, तोही घाईचा. एक कळलं — तो तिकडून कामाला बसला की खोक्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. आता सकाळी लुकलुकला की म्हणतो, उठला वाटतं. दुपारी थांबला की जेवायला गेला.

तापायचं ते तापतंच.

२१ फेब्रुवारी

लेकीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. जावई फिरतीवर. नुसते येऊन बसा म्हणाली. मी म्हटलं, खोक्याचं काय? ती म्हणाली, "बाबा, मी की तो डबा, याचा विचार करावा लागतोय तुम्हाला?"

मुलाला विचारलं, थोडे दिवस बंद ठेवू का? नको म्हणाला. ऑफिसचं काम त्यावर चालतं, मध्येच बंद पडलं तर नोकरीवर गदा येईल. काही पेटत नाही, खुशाल जा.

खुशाल! राहीन तर बसून राहीन, जाईन तर विझवून जाईन.

२४ फेब्रुवारी

प्लग उपसला. मुलाला सांगितलं नाही. आतला पंखा थांबेपर्यंत उभा राहिलो, मग पिशवी उचलली.

२ मार्च

लेकीकडून परतलो. ऑपरेशन नीट झालं. मला हसवू नका, टाके ओढतात म्हणते. मी कुठे हसवलं?

तिथे असताना मुलाचा फोन तिच्या मोबाइलवर आला होता. "बाबा, तुम्ही बंद केलंत?" हो म्हटलं. "बरं," म्हणाला आणि ठेवला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आल्याआल्या प्लग लावला. पंखा घरघरला. दिवा स्थिर आहे.

५ मार्च

दिवा स्थिर. मुलाचा फोन बंद.

९ मार्च

लेकीने त्याच्या ऑफिसात विचारलं. तो आता इथे कामाला नाही म्हणाले. तिकडची खोलीही सोडली आहे. कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही.

उद्या सकाळच्या गाडीने शोधायला निघतो. खोकं चालूच ठेवलंय. वरच्या बाईंना किल्ली दिली, दिवा लुकलुकला की लगेच मला कळवा म्हटलं. पेटलं तर काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं.

असशील तिथून कळव रे. लवकर कळव.