दोरीचं टोक माझ्या हातात

मंगळवार, दिवेलागण

कायले बसवलं मले हॉलच्या मधात? मी का खुंटा आहो? बरं, राम राम, वही.

नात पल्लवी शाळेत विज्ञान शिकवते. उद्याच्या तासाची तालीम तिनं आज क्वार्टरातच घेतली. चाकाच्या रोबोटले दोरी बांधली, टोक माझ्या बोटाले. रोबोटच्या पाठीवर सेन्सर, तो कसा फिरते ते म्हणे कम्प्युटरवर दिसते. कॉलनीतली पोरं भिंतीले टेकून बसली. पल्लवी म्हणे, "आजी, हलू नको, तू केंद्र आहेस!"

केंद्र! पोरानं जवाहरनगरात त्याच्या क्वार्टरात आणल्यापासून दुसरं काय करून राहिली मी? तिकडे आमच्या गावात, एकोडीत, धानाची रोवणी लागली. आमच्या बांधीत धानाचं पहिलं रोप घरातल्या म्हातारीच्याच हातानं लागते. पोरगा म्हणते, "रविवारी नेतो." रविवार येते अन् जाते.

दोरी बोटात रुतून राहिली होती. पल्लवीनं पोरांले विचारलं, "दोरी सुटली तर रोबोट कुठं जाईल?"

"गोलच फिरंल!"

मी सोडूनच दिली. तो सरळ सुटला अन् ड्यूटीवरून आलेल्या माझ्या पोराच्या बुटाले भिडला.

"बघा, सरळच गेला!" पल्लवी नाचली.

मी म्हटलं, "मलेही सरळच जायचं आहे, एकोडीले. मले काहून धरून ठेवलं?"

पोरगा वाकून बुटाची लेस सोडत बसला. सुनबाई म्हणे, "आई, चहा मांडू?"

चहा कोणाले पाहिजे? बोटावर वळ अजून आहे. उद्या सकाळी पुन्हा विचारीन. सुनेनं मधात बोलू नये, नातीनं शिकवू नये. उत्तर पोरानंच द्यावं.