रकाना क्रमांक सातची नक्कल

प्रति,
मा. तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी साहेब,
तहसील कार्यालय, जि. जालना.

अर्जदार : शालू भारत सोनटक्के, वय ३४, धंदा : पोती शिवणे, रा. धामणवाडी.

विषय : धामणवाडीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष श्री. कल्याणराव थावरे यांना अर्जदाराची वाटणारी भीती फाईलमधून काढू न देणेबाबत व तिची शिक्क्याची नक्कल तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १७ मार्च २०२५.
२) नोटिशीला जोडलेला श्री. थावरे यांचा संरक्षण मागणीचा छापील अर्ज, आवक क्र. ४१७, दि. ११ मार्च २०२५.
३) अर्जदाराचे स्वतःचे संरक्षण मागणीचे तीन अर्ज. यांना आवक क्रमांक मिळण्याचा योग आला नाही.

महोदय,

१. आपली नोटीस अर्जदाराला मिळाली. अर्जदार घरी नव्हती, म्हणून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पूर्ण नावानिशी चिकटवली गेली. अशा प्रकरणातल्या बाईचे नाव उघड करू नये असा कायदा आहे म्हणतात. फळ्याला खिळे मारणाऱ्याला तो ठाऊक नसावा. असो. नाव आता गावभर झालेच आहे, तर या अर्जातही ते लपवलेले नाही.

२. नोटिशीत म्हटले आहे की, अर्जदारापासून श्री. थावरे यांच्या जिवाला धोका असून गावची शांतता भंग होण्याचा संभव आहे, सबब अर्जदाराकडून शांततेचे बंधपत्र का घेऊ नये, याचा खुलासा सोमवार दि. २४ रोजी समक्ष करावा. हे वाचून अर्जदाराने नोटिशीवरचे नाव पुन्हा तपासले. अकरा महिने ती फिर्यादी होती. दि. १८ एप्रिल २०२४ रोजी श्री. थावरे यांच्या आडत दुकानामागच्या गोदामात पोती शिवायला गेली असता त्यांनी दार लावून तिच्यावर बळजबरी केली, अशी तिची फिर्याद आहे आणि खटला अंबडच्या कोर्टात चालू आहे. आरोपी जामिनावर सुटून आले, ढोल वाजला, पुढे तंटामुक्तीचे अध्यक्षही झाले. तंटा ज्याच्यामुळे, त्यालाच मुक्तीचा अधिकार. गावाचा हिशेब सरळ आहे.

३. आता अर्जदार धोकादायक कशी झाली, ते सांगणे भाग आहे. ८ मार्चला महिला दिनानिमित्त ग्रामपंचायतीने सभामंडपात भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून चित्रपट दाखवला. ग्रामसेवकाने 'महिला सक्षमीकरणाचा चांगला पिक्चर' म्हणून तो आणला होता. स्वतः पाहिला मात्र नव्हता. दीपप्रज्वलन व अध्यक्षीय भाषण श्री. थावरे यांनी केले. "आया-बहिणी सुरक्षित तर गाव सुरक्षित," असे ते म्हणाले. दीप विझला नाही, याचे अर्जदाराला आजही नवल वाटते.

४. चित्रपटाची हकिगत थोडक्यात अशी. एका बाईवर एक माणूस अत्याचार करतो आणि उजळ माथ्याने फिरतो. मग ती बाई त्याला गोड बोलून घरी बोलावते, डोक्यात तवा घालते, खुर्चीला बांधते आणि तो सगळे कबूल करेपर्यंत दीड तास प्रश्न विचारते. बायांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या चतुराबाई अर्जदाराला म्हणाल्या, "बघ शालू, गाठ कशी मारून राह्यली. तुह्या शेळीची गाठ येवढी पक्की असती तर ती रोज माह्या वांग्यात आली नसती." यावर अर्जदार हसली. हसताना तिची नजर पहिल्या रांगेतल्या सोफ्याकडे गेली. श्री. थावरे मागे वळून तिच्याकडेच पाहत होते. ते मध्यंतराच्या आधीच उठले आणि तीनशे पावलांवरच्या घरी जायला त्यांनी दोन माणसे सोबत घेतली.

५. त्यांच्या अर्जातील रकाना क्रमांक पाचमध्ये धोक्याचे तीन पुरावे आहेत. पैकी पहिला पुरावा, वरील हसू. दुसरा पुरावा, दोर. चित्रपटानंतर दोन दिवसांनी अर्जदाराने कुंभार पिंपळगावच्या बाजारातून तीस फूट दोर आणला. याची चौकशी हवालदार साहेबांनी घरी येऊन केली. "दोर कशाला?" "शेळीला." "आधीचा दोर कुठंय?" "शेळीनं खाल्ला." "शेळी दाखवा." शेळी दाखवली. "ही दोर खाईल असं वाटत न्हाई," असे मत त्यांनी वहीत नोंदवले. दोर विकणारे इस्माईलभाई यांनाही विचारणा झाली. ते अर्जदाराला म्हणाले, "ताई, उनो पूछ रहे थे, इतना लंबा काहे को दिया. मैं बोला साब, बकरी दूर तक चरती, माणूस बांधायला तर दहा फूट बस होता." त्यांचा हेतू चांगला होता. जबाबात शेवटचे वाक्यच तेवढे उतरवले गेले.

६. तिसरा पुरावा, दाभण. पोती शिवण्याचे दाभण एक, लांबी साडेपाच इंच, हे 'घातक हत्यार' म्हणून ठाण्यात जमा आहे. अर्जदार या दाभणावर पोट भरते. त्या दिवशी गोदामात ते तिच्या हातातून हिसकावून घेतले गेले होते. तेव्हा ते हत्यार नव्हते, साहेब. तेव्हा ते नुसते दाभण होते.

७. वास्तविक असेच संरक्षण अर्जदाराने गेल्या अकरा महिन्यांत तीनदा मागितले. पहिला अर्ज परत आला, कारण रकाना क्रमांक सात कोरा होता. या रकान्यात 'यापूर्वी घडलेली घटना : तारीख, वार, वेळ, ठिकाण' लिहायचे असते. आपले लिपिक श्री. राजानंद तिला म्हणाले, "ताई, कोरा रकाना बघितला की साहेब फाईल फेकतेत. मागं काय झालं ते सगळं बराबर लिहा." अर्जदाराने घरी जाऊन सगळे बराबर लिहिले. दुसरा अर्ज परत आला. "हे तर कोर्टात चालू हाय ना? मंग ते हितं लिहायचं न्हाई." तिसऱ्या वेळी तिने त्या रकान्यात लिहिले, 'लिहावे तर परत, न लिहावे तर परत.' तोही परत आला. कारण : भाषा उद्धट. श्री. थावरे यांचा अर्ज मात्र सहा दिवसांत नोटीस होऊन फळ्यावर लागला. कारण उघड आहे. त्यांनी एकही रकाना कोरा ठेवला नाही.

८. साहेब, इथून पुढचे सावकाश वाचावे ही विनंती. आपल्या कार्यालयाच्या पद्धतीप्रमाणे नोटिशीसोबत तक्रारदाराच्या अर्जाची प्रत जोडलेली असते. ती तशी जोडल्याबद्दल अर्जदार कार्यालयाची जन्मभर ऋणी राहील. अर्जदाराने ती दोनदा मनात वाचली आणि तिसऱ्यांदा चतुराबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. रकाना क्रमांक सातमध्ये श्री. थावरे यांनी लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा असा :

"दि. १८ एप्रिल २०२४, वार गुरुवार, दुपारी अंदाजे अडीच वाजता, माझ्या आडत दुकानामागील गोदामात आम्ही दोघेच असताना सदर बाईने माझ्या डाव्या मनगटास कडकडून चावा घेऊन मला जखमी केले. सदर बाई हिंसक वृत्तीची आहे. व्रण दाखवण्यास मी तयार आहे."

खाली 'वरील मजकूर वाचून पाहिला, खरा व बरोबर आहे' आणि वळणदार सही.

चतुराबाईंनी लसूण सोलणे थांबवले. "अगं, पण ह्यो तर कुत्रं चावलं म्हणत व्हता ना?"

९. होय. अकरा महिने तेच म्हणत आहेत. अर्जदाराने त्याच दिवशी फिर्यादीत लिहून दिले होते की, सुटण्यासाठी तिने आरोपीच्या डाव्या मनगटाला चावा घेतला. त्यावर श्री. थावरे यांचे पोलिसांना व कोर्टाला सांगणे असे की, त्या दिवशी ते गावातच नव्हते, अंबडला एका लग्नात होते. अकरा वऱ्हाडी तसे सांगायला तयार आहेत. मनगटावरची खूण कुत्र्याची आहे, तसा दाखला आहे. दाखला पक्का व्हावा म्हणून त्यांनी कुत्रे चावल्याच्या सगळ्या सुयाही टोचून घेतल्या. नसलेल्या कुत्र्यासाठी असलेल्या सुया. सोसण्याची तयारी त्यांची दांडगी आहे, हे मान्य करावे लागेल.

१०. मग असा शहाणा माणूस असे का लिहून गेला? अर्जदाराने कार्यालयाबाहेर बसून अर्ज लिहून देणारे श्री. हरिओम यांना विचारले; श्री. थावरे, म्हणजे गावाचे आण्णा, यांचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. त्यांनी ते लपवले तर नाहीच, उलट आपल्या कामाचे कौतुक म्हणून सांगितले. "मी म्हणलं, आण्णा, नुस्तं भीती वाटती लिहून भागत न्हाई. भीतीला मागचं कारण पाहिजे, रकाना सात कोरा न्हाई ठेवता येत. आण्णा लई घाईत व्हते. म्हणले, कारण पाहिजे का? आन बाही वर केली." पुढे श्री. हरिओम म्हणाले, "माझा अर्ज आजवर कधी वापस न्हाई आला, ताई." अर्जदाराची त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तिचे तीन अर्ज तिने स्वतःच लिहिले होते, चूक तिचीच.

११. चित्रपटातल्या बाईला कबुली मिळवायला तवा, खुर्ची, दोर आणि दीड तास लागला. इथे छापील अर्जातल्या तीन ओळींच्या मोकळ्या जागेने ते काम केले. अर्जदाराने बोटही लावले नाही. ती फक्त हसली होती, आणि तेही शेळीवरून.

१२. आता खरे गाऱ्हाणे. काल श्री. राजानंद यांचा फोन आला. "ताई, कशाला बंधपत्र आन जामीनदार करता? आण्णा मोठ्या मनाचे हायेत, अर्ज वापस घेतो म्हणलेत. तुम्ही फक्त दोन ओळींचं माफीपत्र द्या, सोमवारी फाईल बंद." अकरा महिन्यांत श्री. थावरे यांचे मन प्रथमच मोठे झाले. रकाना सात त्यांच्या वकिलांनी वाचला असावा, असा अर्जदाराचा अंदाज आहे. अर्जदाराच्या वकील भावनाताई म्हणाल्या, "शालूताई, झेरॉक्सवर कोर्टात भांडत बसावं लागेल. शिक्क्याची नक्कल आणा, आणि मूळ कागद फाईलमधून हलू देऊ नका." कोर्टाची तारीख गुरुवार दि. २७ मार्च आहे. अंबडच्या अकरा वऱ्हाड्यांसमोर अर्जदाराकडे आजपर्यंत एकच साक्षीदार होता, तो म्हणजे ती स्वतः. तिला कोणी विचारत नव्हते. आता दुसरा मिळाला आहे. तो आपल्या कपाटात आहे, साहेब. त्याला काही होऊ देऊ नका.

१३. सबब विनंती की,

(अ) श्री. थावरे यांचा अर्ज क्र. ४१७ मागे घेऊ देऊ नये. माणसाला एवढी भीती वाटत असताना सरकारने फाईल बंद करणे बरे दिसत नाही.

(आ) सदर अर्जाची शिक्क्याची नक्कल दि. २७ पूर्वी मिळावी. नकलेचा अर्ज नियमाप्रमाणे तिकीट लावून सोबत जोडला आहे. त्यातला एकही रकाना कोरा नाही, दोनदा पाहिले आहे.

(इ) अर्जदार माफीपत्र देणार नाही. बंधपत्र देईल. चतुराबाई व इस्माईलभाई जामीन राहतील. सोमवारी सकाळी दहाला ती दारात उभी असेल. श्री. थावरे यांच्या केसालाही ती धक्का लावणार नाही, हे ती शपथेवर लिहून देते. त्यांनी कोर्टात धडधाकट उभे राहावे, ही तिच्याइतकी काळजी दुसऱ्या कोणालाही नसेल.

(ई) दाभण परत मिळावे. काम अडले आहे.

(उ) श्री. थावरे यांना मागितल्याप्रमाणे पोलीस संरक्षण जरूर द्यावे, आजपासूनच द्यावे. दोन शिपाई, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि गुरुवारी सकाळी शिपायांनी त्यांना थेट अंबडच्या कोर्टात आणून सोडावे. वाटेत एखादे लग्न लागले तर थांबू देऊ नये.

आपली नम्र, व नोटिशीनुसार धोकादायक,

(सही)
शालू भारत सोनटक्के
दि. १९ मार्च २०२५

सोबत :
१) नोटीस व अर्ज क्र. ४१७ यांची झेरॉक्स.
२) अर्जदाराचे परत आलेले तीन अर्ज, मूळ प्रती.
३) नक्कल मागणी अर्ज, तिकिटासह.
४) कुत्रे चावल्याच्या दाखल्याची झेरॉक्स. कुत्रे अद्याप मिळून आलेले नाही.