बत्तिसावं घर

नॉम पेन्ह
सोमवार, २८ ऑक्टोबर २०१९

सावुथदादा आणि वहिनी,

दोघांना हात जोडून नमस्कार. आम्ही सगळे इथे बरे आहोत. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती काही बोलली की घरभर हसू होतं आणि मग तिची मनधरणी करावी लागते. पाऊस ओसरलाय. सकाळी जरा गार वाटतं.

दादा, तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. व्हॅनवाल्या थोनच्या हाती देतोय, तो बाजाराच्या नाक्यावर वहिनींकडे देईल आणि त्या तुला वाचून दाखवतील. वहिनी, एक विनंती आहे. पुढे काही ठिकाणी तुम्ही थांबाल आणि दादाच्या तोंडाकडे बघाल. तसं करू नका, वाचत राहा. थांबलात तर तो उठून बैलांकडे निघून जाईल, हे मला ठाऊक आहे.

रस्ता चांगला झालाय असं सगळे म्हणतात. आता ताटावर लाल धूळ बसत नाही, सुईणबाई वीस मिनिटांत गावात पोचते, पोरं सायकलवर न पडता शाळेत जातात. मी अहवालात हे सगळं आधीच लिहिलं होतं आणि ते खरं ठरलं. रस्ता सुधारण्याआधी त्याने झाडांचं, पाण्याचं, माणसांचं काय होईल ते बघून लिहायचं, हे माझं काम. कुठली झाडं तुटतील, मुरूम कुठून उचलणार, खड्डे कोण बुजवणार, सगळं लिहिलं. पाण्याच्या प्रवाहावर परिणाम नगण्य, हेसुद्धा मीच लिहिलं.

पितरांच्या पंधरवड्यानंतर वहिनींनी मला फोन केला होता, हे तुला माहीत नसेल. त्यांच्यावर चिडू नकोस. त्या म्हणाल्या, "भाऊजी, रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलंय. पावसाचं पाणी तळ्याकडे उतरतच नाही. गुडघ्याच्या वर आहे, भात काळा पडलाय. आणि तळ्याकडून मासाही वर चढला नाही. यंदा प्राहोक खारवून मुरवायला मूठभर मासळी नाही, रांजण पालथा घालून ठेवलाय."

मग त्यांनी तालुक्याच्या कचेरीतली हकीकत सांगितली. वरच्या अंगाची एकोणीस घरं मिळून गेली होती. रस्त्याखालून पाणी जायला मोरी का ठेवली नाही, असं त्यांनी विचारलं. कारकुनाने माझा अहवाल काढला आणि शेवटी जोडलेली यादी दाखवली. रस्त्यालगतची बत्तीस घरं, प्रत्येकाला विचारलं, पाण्याच्या वाटेबद्दल काही सांगायचं नाही असं प्रत्येकाने सांगितलं, पुढे सही नाहीतर अंगठा. शेवटचं नाव तुझं. कारकून म्हणाला, "हा अंगठा तुमचाच ना?"

तू वाकून बघितलंस. बराच वेळ बघितलंस, असं वहिनी म्हणाल्या. मग म्हणालास, "हो, माझाच."

परतताना शेजारचा प्रुम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाण्याचं याला कळतं म्हणून आपण याला विचारायचो. यानेच अंगठा देऊन आपल्याला बुडवलं." त्या दिवसापासून तो तुझ्या ओट्यावर पान खायला येत नाही, हेही कळलं.

वहिनी फोनवर म्हणाल्या, "यांचा उजवा अंगठा विळ्याने कापला तेव्हा मीच बांधला होता हो. अजून आडवी खूण आहे. त्या कागदावरच्या ठशात खूण नव्हती. मी सांगणार होते, तर यांनी माझा हात दाबला. कोणी केलं असेल?"

मी म्हणालो, "बघतो चौकशी करून."

वहिनी, तो अंगठा माझा आहे.

वाचत राहा.

दादा, ते गेल्या वर्षीच्या मार्चचे दिवस होते. शेतांना भेगा पडल्या होत्या, चहूकडे पाण्याचा थेंब नव्हता. उन्हाळ्यात पाण्याची वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गावातल्या जाणत्यांना विचारायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. नवीन पोरांना तो मी शिकवतो. एकतीस घरं मी स्वतः फिरलो. प्रुमची आई मला म्हणाली होती, "पाण्याचं मला काय विचारतोस बाबा, तुझ्या भावाला विचार. पूर कुठून शिरतो नि कुठून बाहेर पडतो, ते तो डोळे मिटून सांगेल." मी मान हलवली आणि वहीत 'काही सांगायचे नाही' असं लिहिलं.

तुझ्या घरापाशी गाडी थांबली होती. वहिनी अंगण झाडत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. तू घराखाली, खांबांच्या सावलीत, मासे पकडायची टोपली विणत बसला होतास. तू वर बघितलंस. बांबूची कांब हातात तशीच धरून तू अर्धा उठलास. मी ड्रायव्हरला म्हणालो, पुढे घे.

जेवायला थांबलो तिथे माझ्या हाताखालच्या मुलीने यादी मोजली. "साहेब, एक घर राहिलं." मी म्हणालो, माझ्या सख्ख्या भावाचं आहे, मी बघतो. ती हात धुवायला गेली तेव्हा मी शाईच्या डबीवर अंगठा टेकवला आणि तुझ्या नावापुढे दाबला. एवढंच. त्यानंतर मी भात संपवला, हेही लिहायला हवं.

तुझ्यासमोर का आलो नाही, ते तू ओळखलंच असशील. तीन वर्षांपूर्वी आईच्या अग्नीपाशी, भिक्षूंसमोर आणि सगळ्या गावासमोर मी ओरडलो होतो, की आई इतकी आजारी होती आणि तू मला कळवलं नाहीस, तू मला तिचं तोंड बघू दिलं नाहीस. लोक तुझ्याकडे बघायला लागले. तू लाकडं सारखी करत राहिलास.

मला कळलं होतं, दादा. आई जायच्या नऊ दिवस आधी तिचा फोन आला होता. नंबर लावून फोन तूच तिच्या कानाशी धरला होतास, मागून तुझा आवाज येत होता, हळू बोल, दम लागेल. ती म्हणाली, "जमलं तर येऊन जा रे." माझा दुसऱ्या एका रस्त्याचा अहवाल द्यायचा होता. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो. तुला हे सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो. तू बोलला नाहीस. मी बायकोलाही हे अजून सांगितलेलं नाही, आज हे पत्र पाकिटात घालायच्या आधी तिला वाचायला देणार आहे.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू मला वाचवलंस, तेच मला सहन झालं नाही. म्हणून फोन केला की दोन मिनिटं बोलून ठेवायचो, मग तू उचलेनासा झालास आणि मला हायसं वाटलं. त्या मार्चमध्ये गाडी पुढे नेली तीही त्याचसाठी. माझ्या लाजेपायी एकोणीस घरांचं भात कुजलं, आणि दोष तुझ्या माथी आला.

आता कामाचं. ठेकेदाराची जबाबदारी डिसेंबरअखेर संपते. तोवर चूक दाखवून दिली तर त्याला रस्ता फोडून मोरी टाकावीच लागते, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तरी पाणी मोकळं होईल. पुन्हा असा रस्ता फोडायला कोणी येणार नाही. म्हणून गेल्या सोमवारी मी साहेबांकडे लेखी दिलं, की शेवटचा अंगठा खोटा आहे आणि तो मी उठवलाय. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "विचेत, तुझ्या भावाने कचेरीत हो म्हटलंय, तशी नोंद आहे. तू भावाच्या शेतासाठी खोटं बोलतोयस, असंच वरचे धरणार. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस? कागद परत घे." मी घेतला नाही.

तेव्हा खरंखोटं करायला साहेब येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या गुरुवारी, सात तारखेला गावात येताहेत. ठेकेदाराचा माणूस असेल, कारकून असेल, गावप्रमुख सगळ्यांना विहाराच्या मंडपात बोलावतील. मीही असेन. तुझ्यासमोर ती यादी ठेवतील. तू नाही म्हणालास, आणि त्यांच्यासमोर तुझा अंगठा उठवून दाखवलास, तर मोरी होईल. माझी नोकरी जाईल. ती जाणारच आहे असं धरून मी चाललोय, पोरींच्या आईलाही तसं सांगणार आहे. त्याची काळजी तू करायची नाहीस.

मोरी नेमकी कुठे हवी हेही तुलाच सांगावं लागेल. मी एवढे नकाशे काढले, पण आपल्या शेतातलं पाणी कुठून जातं हे मला सांगता येत नाही. लहानपणी पाण्यात तू उतरायचास, मी बांधावर कपडे सांभाळत बसायचो.

तुला काय वाटेल ते मी जाणतो. माझ्या मुली तुझ्या डोळ्यांपुढे येतील. आई आठवेल. तू कागदावर वाकशील, बराच वेळ बघशील, आणि तुझ्या तोंडात तेच दोन शब्द येतील. दादा, तू दोनदा माझ्यासाठी गप्प बसलास. एकदा आईच्या अग्नीपाशी, एकदा कचेरीत. आता बस कर. प्रुम तिथे असेल, त्याची म्हातारी असेल, त्यांच्याकडे बघ. माझ्याकडे बघू नकोस. नाही म्हण.

वहिनी, इथे थांबलात तरी चालेल. त्या दिवशी त्याने हात दाबला तर तुम्ही बोला.

तुझा भाऊ असं खाली लिहायचं, ते गुरुवारनंतर. आत्ता नुसताच

विचेत