राणीचं डुलणं आणि आपल्या घराण्याची चौकशी

तीर्थस्वरूप स्लामेत काकांच्या पायांशी,

बेकासीहून परियोनोचा सलाम, आणि काकूंना वेगळा सलाम (एकत्र लिहिला की त्या रागावतात). तुमची प्रकृती, काकूंचा गुडघा आणि काळ्या शेळीचा ताप, तिन्ही आता ठीक असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. खरं तर फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन काकू उचलतात, आणि त्यांच्या कानात पडलेलं विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. ही गोष्ट विहिरीवर जाण्यासारखी नाही. म्हणून शाळेतून पळाल्यापासून पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलोय. अक्षराला हसू नका.

तुम्हाला वाटत असेल मी अजून टायरच्या दुकानात आहे. ते सोडलं. (त्याच्या आधीची मटणगोळ्यांची गाडीही सोडली, ते तुम्हाला कळलंच होतं.) आता मी पाक विनार्तो नावाच्या एका गृहस्थांकडे सापांना जेवायला घालतो. हे वाक्य काकूंना वाचून दाखवू नका. साप विषारी नाहीत, आफ्रिकेतले बुटके अजगर आहेत, घाबरले की चेंडूसारखा गोळा होऊन डोकं मधे लपवतात. पाक विनार्तो त्यांची लग्नं जुळवतात, म्हणजे अमक्या रंगाची मादी आणि तमक्या नक्षीचा नर, आणि पिल्लं हौशी लोक पाळायला नेतात. गॅरेजभर प्लास्टिकचे खण, आणि प्रत्येक खणावर आतल्या सापाचे आईबाप, आजाआजी लिहिलेले. आपल्या गावात मुखियाची वंशावळसुद्धा कुणाला एवढी पाठ नाही. घरात पाक विनार्तो आणि त्यांची मुलगी वेनिंग, दोघंच. वेनिंगबद्दल पुढे येईल.

तर त्या खणांत एक मादी आहे, रातू कंचनावुंगु, जुन्या गोष्टीतल्या राणीच्या नावाची. अंग सोन्यासारखं आणि त्यावर काळ्या बारीक रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. म्हणून त्या जातीला 'कोळी' म्हणतात. काका, तुमची छिन्नी म्हशीच्या कातड्यावर चालते आणि सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्याच्या मुकुटाला जी रेष येते ना, अगदी तशी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आपला ओटा आठवला. पण बिचारीचं डोकं सारखं डुलायचं. समोर उंदीर धरला की ती डावीकडच्या भिंतीवर झडप घालायची, आणि मग मान उलटी करून छताकडे बघत राहायची, जसा काही उंदीर तिकडून यायचा ठरला होता. तिने जेवण सोडलं, पाठीचा कणा वर आला. पाक विनार्तो म्हणाले, "राहू दे, हिचं आता काही खरं नाही." मला ते सहन होईना.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला, हिला नाव जड झालंय. शहरातल्या माणसांना हे सुचत नाही, पण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की नाव पेललं नाही की माणूस आजारी पडतो. तुमचंच घ्या. आजोबांनी हौसेने सूर्यनिंग्रात, म्हणजे जगाचा सूर्य, ठेवलं, तुम्ही चांगले मोठे झाल्यावर डोकं हलायला लागलं, मग आजीने लाल-पांढरी पेज करून तुम्हाला स्लामेत, म्हणजे नुसतं सुखरूप, केलं. (हलणं थांबलं नाही, पण आजी म्हणायची, नाव बदललं नसतं तर धडही हललं असतं.) मग मी पण घाट घातला. वेनिंगने पेज रांधली, अर्धी गुळाची लाल, अर्धी पांढरी. शेजाऱ्यांना एवढंच सांगितलं की घरातल्या एका पोरीचं नाव बदलायचंय. मशिदीतले म्हातारे मोदिन आले, त्यांनी छान मोठ्या आवाजात दुवा म्हटली आणि म्हणाले, "कुठाय पोरगी? डोक्यावर हात ठेवतो." मी खण ओढला. शेजारणी गेल्या त्या वाट्यांसकट गेल्या, वाट्या अजून परत यायच्या आहेत. मोदिन एकटे बसून राहिले. म्हणाले, "म्हटलेली दुवा काही परत घेता येत नाही," आणि पेज पुन्हा मागून घेतली. आता तिचं नाव स्लामेत आहे. रागावू नका, तुमच्या नावाइतकं हलकं दुसरं सुचेना.

काका, त्याच संध्याकाळी ती जेवली. मी गॅरेजमधून ओरडत निघालो तो पायात चप्पल नव्हती हेही मला नंतर कळलं. वेनिंग म्हणते, तू आज मेलेला उंदीर न हलवता तिच्या नाकाशी ठेवलास म्हणून जेवली. तेही असेल. पण पाक विनार्तोंनी तर माझ्या पेजेवर पाणीच ओतलं. म्हणाले, "नाव बदलून नसा बदलतात का रे येड्या? ज्या बीजाने तिला नक्षी दिली, त्यानेच डुलणं दिलंय. आईच्या नाहीतर बापाच्या अंगातून येतं ते. एक घेतलं की दुसरं घ्यावंच लागतं." मी विचारलं, मग यांची लग्नं लावता कशाला? "लोकांना नक्षी पाहिजे," ते भिंतीकडे बघून म्हणाले. वेनिंग आतून म्हणाली, "डुलणं कुठे दाखवता तुम्ही लोकांना? फोटोत डोकं हलत नाही."

इथे माझ्या तोंडाने घात केला. मी आनंदात होतो, बोलून गेलो, "आमच्याकडेही अगदी असंच आहे. आजोबांची कातड्यावरची रेष केसासारखी आणि डोकं डुलायचं. काकांचंही तसंच." पाक विनार्तोंनी चष्मा पुसला आणि राणीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "तुझं आणि वेनिंगचं काय चाललंय ते मला दिसत नाही असं समजू नकोस. जावई करायचा तर आधी बीज बघायचं, हे जुनी माणसं सांगून गेलीत. चल, उजेडात ये." मग त्यांनी मला ट्यूबलाइटखाली उभं केलं, डोळ्यांपुढून बोट फिरवलं, आणि चटईवर उताणं झोपवलं (सापाला असंच उताणं करून बघतात, तो चटकन सरळ होतो का). मी चटकन सरळ झालो. वेनिंग दाराला धरून हसत होती. "कातडं कोरता येतं?" नाही म्हटलं, काकांनी शिकवलं होतं, मी अर्जुनाचं नाकच तोडलं. "डोकं हलतं?" नाही. "मग तू साधा तपकिरी," ते म्हणाले. "कोळ्याच्या विणीत निम्मी पिल्लं अशी साधी निघतात. त्यांच्या अंगात ते नसतं, पुढेही जात नाही. असली पिल्लं मी वरकड म्हणून देऊन टाकतो." काका, काहीच न येण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. वेनिंगने मात्र तिथेच वडिलांना धरलं, "माझ्या लग्नात बीज बघता, मग त्यांच्या लग्नात का नाही?" दुसऱ्या दिवशी स्लामेतच्या खणावरची नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी काढलेली होती. कोळी जातीचं एकही लग्न यंदा नाही.

बाकी इकडे सगळं सुखरूप, तिकडचंही तसंच असो. काकूंना काय वाचून दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचा पुतण्या,
परियोनो

ता. क. खरं काम राहिलंच. बकरी ईद झाल्यावर मागणी घालायला तुम्ही या. बाबा नाहीत, दुसरं वडीलधारं कोण आहे मला. डोकं न हलणाऱ्या मधल्या मामांना बोलवायचं एकदा मनात आलं होतं, पण ते काढून टाकलं. डोकं जसं हलतं तसं हलू द्या, पाक विनार्तोंना मूळ नक्षी बघायचीच आहे.

दुसरा ता. क. वेनिंगने पत्र वाचलं. म्हणते, सगळं लिहिलंस, एक सोडून. राणी जेवली हे सांगत मी पळत आलो तेव्हा माझं डोकं डुलत होतं म्हणे. मी म्हटलं, ते आनंदाने. ती म्हणाली, "परवा खण घासत होतास, तेव्हा कसला आनंद होता?" मग तिने दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, ते थांबलं. सोडली, पुन्हा सुरू. तिला रोजांच्या महिन्यापासून ठाऊक आहे आणि तिची काही हरकत नाही. पण तिच्या बाबांना मागणीच्या आधी मीच सांगायचं, म्हणते, लपवून आम्ही साप विकले, माणूस नाही विकणार. तेव्हा काका, एवढंच खरं खरं कळवा. तुमचं लग्नाआधी सुरू झालं की नंतर? (काकूंना विचारू नका, त्या नंतरच म्हणतील.) आणि आधी असेल तर काकूंच्या वडिलांना तुम्ही ते कोणत्या शब्दांत सांगितलंत, आणि सांगताना दाराच्या किती जवळ उभे होतात?